‘ताई, हिचे चान्सेस किती?’

ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात या सदराच्या पत्रांचा सूर बदलतो. उन्हाळाभर लोक समर कॅम्प, ड्रायव्हिंग टेस्ट आणि मुलांच्या झोपेबद्दल विचारत असतात. शाळा उघडायच्या सुमारास सगळे एकाच प्रश्नावर येतात: अमेरिकेतल्या कॉलेजांत आमच्या मुलाला प्रवेश मिळायचे चान्सेस किती? यंदा बावीस पत्रं आली आणि त्यातली सतरा म्हणजे एकच पत्र सतरा वेळा लिहिलेलं. त्यातलं सगळ्यात नीटनेटकं खाली घेतलं आहे. नव्या वाचकांसाठी माझी ओळख: न्यू जर्सीतल्या एका सरकारी हायस्कूलमध्ये मी आधी अकरा वर्षं गणित शिकवलं, मग तेरा वर्षं काउन्सेलर होते, आणि निवृत्त झाल्यावर तीन हंगाम एका विद्यापीठासाठी बाहेरची वाचक म्हणून प्रवेशाचे अर्ज वाचले. कुठलं विद्यापीठ ते सांगायचं नाही असं मी लिहून दिलेलं आहे, तेव्हा ते विचारणारी पत्रं कृपया बंद करा.

प्रश्न: ताई, सादर नमस्कार. माझी मुलगी यंदा सीनियर, म्हणजे बारावीत आहे. शाळा सेंट्रल जर्सीतली, भरपूर स्पर्धा असलेली. अनवेटेड जीपीए चारपैकी ३.९७. एसएटी १६०० पैकी १५६०, गणितात पूर्ण ८००. आत्तापर्यंत नऊ एपी (कॉलेजच्या पातळीचे विषय), एक ४ सोडला तर सगळीकडे पाचपैकी ५. यंदा आणखी चार. एआयएमई या गणिताच्या वरच्या फेरीच्या परीक्षेला दोनदा पात्र. सायन्स ऑलिंपियाड टीमची कॅप्टन. व्हायोलिन आठ वर्षं. हॉस्पिटलमध्ये १८० तास व्हॉलंटियरिंग. दोन उन्हाळे रिसर्च प्रोग्रॅम, त्यातला एक फी भरून, ऑनलाइन. मेजर, म्हणजे मुख्य विषय, कॉम्प्युटर सायन्स (सीएस). आमची यादी: हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन, येल, कॅलटेक, कार्नेगी मेलन, बर्कली, कॉर्नेल, पेन. सेफ्टी म्हणून, म्हणजे हमखास मिळेल असं, इथलं सरकारी रटगर्स, पण तशी वेळ येईलसं वाटत नाही. पैशाचं नंतर बघू. मुलगी तशी अबोल आहे. रिकाम्या वेळात स्कूलबस किती मिनिटं उशिरा आली ते वहीत टिपत बसते, दोन वर्षं झाली, पण त्याचा इथे काही उपयोग नाही. प्रत्येक ठिकाणी अंदाजे किती टक्के चान्स आहे ते सांगावं. — एक बाबा

उत्तर: नमस्कार. तुमची मुलगी हुशार आहे आणि तिने मेहनत केली आहे. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला ते विसरायला होईल.

टक्के मी देणार नाही. अंगाला लावून घेत नाही असं समजू नका; तो आकडा अस्तित्वातच नाही. २०२४ साली हार्वर्डकडे ५४,००८ अर्ज आले आणि १,९३७ जणांना प्रवेश मिळाला. म्हणजे शंभराला ३.५९. हा आकडा हार्वर्डचा आहे, तुमच्या मुलीचा नाही. त्या ५४ हजारांत ज्यांनी ‘बघू तरी’ म्हणून अर्ज टाकला तेही आहेत, आणि ज्यांच्यासाठी कोच वर्षभर आधीपासून फोन करत होता ते रोइंगपटूही आहेत. या दोघांची सरासरी काढून तुमच्या मुलीला चिकटवण्यात अर्थ नाही. ती पहिल्या गटाच्या खूप वर आहे. दुसऱ्या गटात ती नाही.

तुम्ही पत्रात आकडे आधी लिहिलेत, म्हणून आकड्यांपासूनच सुरुवात करते. प्रवेशात वंश बघण्यावरून हार्वर्डवर झालेला जो खटला २०२३ च्या जूनमध्ये सर्वोच्च न्यायालयात निकाली निघाला, त्याने एक उपकार केला: एरवी कुलुपात राहणारी आकडेवारी उघड्यावर आली. २०१९ साली पदवी घेणाऱ्या बॅचसाठी आलेल्या अर्जांत एसएटीच्या गणितात पूर्ण गुण असलेले ३,४०० हून अधिक विद्यार्थी होते, भाषेत पूर्ण गुण असलेले २,७०० हून अधिक, आणि पूर्ण जीपीए असलेले अमेरिकेतलेच विद्यार्थी ८,००० हून अधिक. बॅच होती साधारण सोळाशेंची. तुम्ही ३.९७ आणि १५६० लिहिलंत तेव्हा त्यात अभिमान होता, आणि तो असावाच. पण अर्ज वाचणाऱ्याला त्यातून एवढंच कळतं की ही मुलगी तिथला अभ्यास झेपवेल. तो प्रश्न तिथेच मिटतो. १५६० चे १५८० करायला तिला ऑक्टोबरमध्ये पुन्हा बसवणार असाल तर बसवू नका. तो शनिवार तिला झोपू द्या.

त्याच खटल्यातून दुसरं कळलं ते लेगसीचं. आईवडिलांपैकी कोणी तिथे शिकलेलं असेल तर त्या काळात साधारण तिघांतल्या एकाला प्रवेश मिळत होता. बाकीच्यांना शंभरात सहा. तुमच्या घरात कोणी तिथे शिकलेलं असतं तर तुम्ही ते पहिल्या ओळीत लिहिलं असतं, असा माझा अंदाज आहे. एमआयटी आणि कॅलटेक हे बघतच नाहीत. आणि वंश बघायला मनाई करणाऱ्या त्या निकालानंतर ‘आता आपल्या मुलांना रान मोकळं’ असं जे घरोघरी बोललं गेलं, त्याचं काय झालं? पुढच्याच बॅचमध्ये एमआयटीत आशियाई-अमेरिकन विद्यार्थी ४० टक्क्यांवरून ४७ वर गेले, आणि येलमध्ये ३० वरून २४ वर आले. यावरून तुमच्या मुलीबद्दल मला काहीही सांगता येत नाही. तुम्हालाही येऊ नये.

आता फाईल टेबलावर येते तेव्हा काय होतं ते सांगते. मला एका अर्जाला दहा-बारा मिनिटं असायची. आधी शाळेचं प्रोफाइल उघडायचं: या शाळेत एकूण किती एपी शिकवतात, वर्गात किती मुलं, ग्रेड कशा वाटल्या जातात. मग ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे विषय आणि ग्रेड यांचं पत्रक. ज्या शाळेत चारच एपी आहेत तिथली चार एपी आणि तुमच्याकडच्या अठ्ठावीसातली तेरा यांची तुलना होत नाही; त्या मुलाची तुलना त्याच्या शाळेशी होते, तुमच्या मुलीची तिच्या शाळेशी. एका भागातल्या शाळांचे अर्ज बहुधा एकाच माणसाकडे जातात. त्यामुळे तिची खरी स्पर्धा ५४ हजारांशी नाही, तिच्याच लंच टेबलवर बसणाऱ्या पाचसहा जणींशी आहे. मी काउन्सेलर असताना एका वर्षी आमच्या शाळेतून कॉर्नेलला एकतीस अर्ज गेले. एकतीसही चांगले होते. तुमच्या शाळेतून गेल्या तीन-चार वर्षांत कोणत्या कॉलेजला किती अर्ज गेले आणि किती जणांना होकार आला, हे काउन्सेलर तुम्हाला नावं न सांगता दाखवू शकतात. शाळा वापरतात त्या नॅव्हियन्स नावाच्या वेबसाइटवर ठिपक्यांचा आलेख असतो. तो बघा, पण जपून. जीपीए कमी असून आत गेलेला तो हिरवा ठिपका फेन्सिंगवाला होता हे आलेख सांगत नाही.

मग शिक्षकांची पत्रं. कॉमन ॲप म्हणजे पुष्कळ कॉलेजांना चालणारा एकच अर्ज. त्याच्या शिक्षकांच्या फॉर्ममध्ये एक तक्ता असतो. त्यात शेवटून दुसरा रकाना ‘वरच्या पाच टक्क्यांतला’, आणि अगदी शेवटचा ‘माझ्या कारकिर्दीत भेटलेल्या मोजक्यांपैकी एक’. अकरा वर्षांत मी गणिताची शिक्षिका म्हणून तो शेवटचा रकाना नऊ वेळा भरला. ही नऊ नावं मला आजही पाठ आहेत. त्या नवांपैकी पाच जणांना पहिल्या पसंतीच्या कॉलेजातून नकार आला. हे तुम्हाला घाबरवायला सांगत नाहीये. माझ्याकडे टक्के मागणारे लोक मला काय मागताहेत ते त्यांना कळावं म्हणून सांगते आहे.

पुढे ॲक्टिव्हिटीज. जागा दहा, प्रत्येकीला १५० अक्षरं. इथे मला एक कबुली द्यायची आहे. वाचनाच्या तिसऱ्या आठवड्यात मी माझ्या टिपणवहीत एक लघुरूप सुरू केलं होतं: व्हिऑहॉ. व्हायोलिन, ऑलिंपियाड, हॉस्पिटल. इतक्या वेळा एकत्र यायचं की तीन शब्द लिहायचा कंटाळा आला. नंतर माझीच मला लाज वाटली, कारण त्यातल्या प्रत्येक मुलीने खरोखर आठ वर्षं व्हायोलिन वाजवलेलं होतं. पण लघुरूप मी बदललं नाही. फी भरून केलेल्या ऑनलाइन रिसर्चला वाचक ‘फी भरली’ एवढंच वाचतो. एमआयटीत होणाऱ्या रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूटला कोणी फी भरून जात नाही. तिथे निवड होते, आणि फरक तिथे आहे. एआयएमई मात्र चांगलं आहे. पंधरा प्रश्न, तीन तास, कॅल्क्युलेटर नाही. तिथे दोनदा पोहोचणं म्हणजे गणित खरंच येतं. तरी एमआयटीच्या ढिगात एआयएमईवाले पुष्कळ असतात, आणि त्यांच्या वर यूएसएएमओ या पुढच्या फेरीतले.

आता बसची वही. तुमच्या अख्ख्या पत्रात मुलगी मला फक्त त्या एका वाक्यात दिसली, आणि ते वाक्य तुम्ही ‘उपयोग नाही’ म्हणून मिटवलंत. मला त्या वहीबद्दल पाच प्रश्न पडले. मंगळवारी जास्त उशीर होतो का? पावसात? ड्रायव्हर बदलल्यावर? तिने कोणाला दाखवली का? दोन वर्षं टिपण्याइतकं तिला त्यात काय वाटतं? हे प्रश्न मला व्हायोलिनबद्दल पडले नाहीत. पण थांबा, लगेच उठू नका. आता त्या वहीची वेबसाइट करायची नाही, ‘टीन्स फॉर पंक्च्युअल बसेस’ नावाची संस्था काढायची नाही, स्कूल बोर्डाच्या मीटिंगमध्ये तिला उभं करून फोटो काढायचा नाही. सप्टेंबरात जन्मलेल्या संस्था वाचकाला तारखेवरून ओळखू येतात. तिला लिहावंसं वाटलं तर ती मुख्य एसेच्या ६५० शब्दांत लिहील, नाही वाटलं तर वही तिची आहे. शिवाय त्या वहीने हार्वर्ड ३.५९ चे ३५ होणार नाही. वाचकाच्या लक्षात राहणं ही एक गोष्ट आणि समितीत कोणीतरी तिच्यासाठी हात वर करणं ही दुसरी. दोन्ही झाल्यावरही जागा संपलेल्या असू शकतात.

तुमच्या यादीकडे येते, कारण खरी चूक तिथे आहे.

दहा नावं टाकली की कुठेतरी लागेलच, हा हिशोब जवळजवळ प्रत्येक घरात होतो. गणिताची मास्तरीण म्हणून तो मांडून दाखवते. समजा दहाही ठिकाणी पाच टक्के आणि प्रत्येक निर्णय एकमेकांपासून स्वतंत्र, तर निदान एक होकार यायची शक्यता साधारण ४० टक्के. म्हणजे हा आशावादी हिशोबसुद्धा निम्म्याच्या खाली राहतो. आणि निर्णय स्वतंत्र नसतातच. फाईल तीच, शिक्षकांची पत्रं तीच, मुख्य एसे तोच. जे एका वाचकाला सपाट वाटलं ते दुसऱ्यालाही वाटण्याचा संभव जास्त. दहा वेळा फासा टाकणं वेगळं आणि एकच फासा दहा जणांना दाखवणं वेगळं.

शिवाय ही दहा नावं तुम्ही एका दोरीत ओवली आहेत, पण ती एका जातीची नाहीत. बर्कली घ्या. कॅलिफोर्निया विद्यापीठ एसएटी बघतच नाही. तिचे १५६० तिथे शून्य. शिफारसपत्रंही साधारणपणे मागत नाहीत. आठांपैकी चार प्रश्नांची प्रत्येकी ३५० शब्दांत उत्तरं, ग्रेड, आणि ॲक्टिव्हिटीज, बस. आणि कॉम्प्युटर सायन्ससाठी २०२३ पासून थेट त्या मेजरलाच प्रवेश घ्यावा लागतो. आत जाऊन बदलू म्हणणं अवघड. कार्नेगी मेलनच्या स्कूल ऑफ कॉम्प्युटर सायन्सचंही तसंच, विद्यापीठाच्या सरासरी आकड्यावर जाऊ नका. एमआयटीला कॉमन ॲप नाही, त्यांचा स्वतःचा अर्ज आहे आणि त्यात छोटे छोटे प्रश्न. तिथे २०२४ मध्ये २८,२३२ अर्जांतून १,२७५ जण घेतले. ‘कॉमन डेटा सेट’ नावाचा एक तक्ता बहुतेक कॉलेजं दरवर्षी प्रसिद्ध करतात. त्याच्या सी-७ या भागात कशाला किती महत्त्व ते खुणा करून सांगतात. एमआयटीच्या तक्त्यात ‘अत्यंत महत्त्वाचं’ ही खूण कित्येक वर्षं एकाच ओळीवर आहे: स्वभाव आणि व्यक्तिगत गुण. दहाही कॉलेजांचे सी-७ मुलीबरोबर बसून वाचा. एका संध्याकाळचं काम आहे, आणि कुठल्याही कन्सल्टंटला पैसे देण्याआधी करा.

पैशाचं नंतर बघू नका. पेन आणि कॉर्नेलचं अर्ली डिसिजन, म्हणजे एकाच कॉलेजला लवकर केलेला अर्ज, बंधनकारक असतं: होकार आला की बाकीचे अर्ज मागे घ्यायचे. आयव्ही कॉलेजं (तुमच्या यादीतली हार्वर्ड, प्रिन्स्टन, येल, कॉर्नेल, पेन) गुणवत्तेवर स्कॉलरशिप देत नाहीत, फक्त गरजेप्रमाणे देतात, आणि गरज तुम्ही ठरवत नाही, ती ठरवतात. प्रत्येक कॉलेजच्या वेबसाइटवर नेट प्राइस कॅल्क्युलेटर असतो, २०११ पासून तसा नियमच आहे. या रविवारी टॅक्स रिटर्न घेऊन बसा. जो आकडा येईल तो चार वर्षं भरता येत असेल आणि मुलीला कॉर्नेल खरोखर आवडत असेल, तर १ नोव्हेंबरला तिथे अर्ली करणं हा तुमच्या हातातला सगळ्यात जड दगड आहे. प्रिन्स्टन, हार्वर्ड, येल, स्टॅनफर्डचं अर्ली बंधनकारक नाही, पण एकाला केलं की दुसऱ्या खासगी कॉलेजला अर्ली करता येत नाही. तो दगड तिथे टाकायचा की इथे, हे तिला ठरवू द्या.

तुम्ही विचारलंत म्हणून माझा अंदाज, शब्दांत. हार्वर्ड, स्टॅनफर्ड, एमआयटी, प्रिन्स्टन, येल, कॅलटेक, कार्नेगी मेलनचं सीएस आणि बाहेरच्या राज्यातून बर्कलीचं सीएस: आठही ठिकाणी नकार गृहीत धरा. एखादा होकार आला तर मला कळवा, मी पेढे मागीन. कॉर्नेल किंवा पेन अर्लीमध्ये: होऊ शकतं. रेग्युलरमध्ये: आठांच्या शेजारीच बसवा. रटगर्स: मिळेल असं धरून चाला, १ नोव्हेंबरच्या अर्ली ॲक्शनमध्ये (हे अर्ली बंधनकारक नसतं) भरा, आणि तिथल्या ऑनर्स कॉलेजचं वेगळं बघा.

आणि यादीचं मधलं घर, फार कठीण आणि हमखास यांच्यामधलं, पूर्ण रिकामं आहे. मेरीलँड, पर्ड्यू, विस्कॉन्सिन, यूमास ॲमहर्स्ट, व्हर्जिनिया टेक, रेन्सेलर पॉलिटेक्निक: यांतली तीन-चार तिने बघावी, प्रत्येकाचा सीएसचा वेगळा आकडा विचारून. इलिनॉय अर्बाना-शॅम्पेनचं नाव ऐकून त्याला मधल्या घरात घालू नका. तिथलं सीएस विद्यापीठापेक्षा किती तरी पट कडक आहे. रटगर्सबद्दल ‘तशी वेळ येणार नाही’ हे वाक्य तर मुलीसमोर पुन्हा बोलू नका. १७६६ सालची संस्था आहे ती, स्ट्रेप्टोमायसीन तिथे सापडलं. कदाचित एप्रिलमध्ये ती तिथेच जायचं ठरवेल, आणि तेव्हा तिला तुमचं सप्टेंबरातलं वाक्य आठवेल.

शेवटी एक विचारते. पत्रात ‘आमची यादी’ असं लिहिलं आहे. तिने स्वतः घातलेलं नाव यात कोणतं?

प्रश्न: आमच्या ओळखीच्यांचा मुलगा १४८० वर आत गेला आणि माझ्या मुलाला १५७० असून नकार आला. हा काय न्याय? — एक आई, मॅसॅच्युसेट्स

उत्तर: त्याची फाईल तुम्ही वाचलेली नाही. मीही नाही. मुलासमोर त्या घराचा विषय काढू नका, बिचारा त्याच मुलाबरोबर राइड शेअर करतो असं तुम्हीच लिहिलं आहे.

प्रश्न: मावशी, मी डॅलसच्या बाजूला राहते. आम्ही एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्याच्या कुटुंबाचा) वर आहोत, ग्रीन कार्डाची रांग तुम्हाला माहीतच आहे. मुलगा तीन वर्षांचा असताना आला, आता अकरावीत, वर्गात पहिल्या चार टक्क्यांत. कॉलेजं त्याला ‘इंटरनॅशनल’ म्हणतात. आम्ही इथे टॅक्स भरतो! यामुळे त्याचे चान्सेस कमी होतात का? एड, म्हणजे फीसाठी मदत, मागितली तर नाव कापतील म्हणून एडच मागू नये असं मिस्टर म्हणतात.

उत्तर: अगं, तुझा राग रास्त आहे, पण फॉर्मला राग कळत नाही. नागरिकत्व विचारलं की तिथे खरं तेच लिहायचं.

चान्सेस कमी होतात का, हे कॉलेजवर आहे. काही ठिकाणी बाहेरच्या देशाच्या विद्यार्थ्यांचा अर्ज वाचताना ‘याला पैसे लागतील का’ हे बघतच नाहीत आणि घेतलं तर गरज पूर्ण भागवतात: हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट, डार्टमथ, बोडन, ब्राउन. स्टॅनफर्डसारख्या ठिकाणी इंटरनॅशनलच्या बाबतीत ते बघतात. म्हणजे पहिल्या गटात एड मागितल्याने काहीच बिघडत नाही, दुसऱ्यात बिघडू शकतं. पण म्हणून ताकाला जाऊन भांडं लपवू नका. आत्ता ‘नको’ लिहून पुढच्या वर्षी मागायची, असं बऱ्याच ठिकाणी इंटरनॅशनल विद्यार्थ्याला चालत नाही. गरज असेल तर मागा, आणि यादी त्या हिशोबाने करा. एफएएफएसए हा सरकारी मदतीचा फॉर्म तुम्हाला लागू नाही. सीएसएस प्रोफाइल, म्हणजे कॉलेजच्या स्वतःच्या मदतीसाठीचा फॉर्म, भरता येतं.

तुझ्या पत्रात मला खरी आनंदाची गोष्ट वेगळीच दिसली, आणि तू ती मधल्याच ओळीत टाकलीस. पहिल्या चार टक्क्यांत! टेक्सासमध्ये १९९७ पासूनचा कायदा आहे. वर्गातल्या वरच्या दहा टक्क्यांना सरकारी विद्यापीठात आपोआप प्रवेश. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाला मर्यादा घालायची मुभा आहे, तिथे २०२६ च्या प्रवेशापासून ती वरच्या पाच टक्क्यांवर आली. टेक्सासमध्ये एच-४ वाल्यांना डोमिसाइल (राज्याचे रहिवासी असणं) सिद्ध करता येतं, मग फीसुद्धा इन-स्टेट, राज्यातल्यांची. या सगळ्या धंद्यात चान्स हा शब्द न वापरता उत्तर देता येईल अशी जागा मला फार क्वचित मिळते, तुझ्या मुलाने दिली. एवढंच लक्षात ठेव की खात्री विद्यापीठाची आहे, मेजरची नाही. सीएस किंवा इंजिनीअरिंगसाठी ते वेगळं निवडतात. आणि सीनियर वर्षात रँक घसरू देऊ नको.

एच-४ एकविसाव्या वर्षी संपतो, म्हणजे कॉलेजच्या मधेच. त्याचं पुढे काय करायचं ते इमिग्रेशन वकिलाला आत्ताच विचार, मला नको.

प्रश्न: मावशी, मी स्वतः लिहितोय, आईबाबांना माहीत नाही. मला सीएस करायचंय. बाबांच्या मित्राने सांगितलं की अर्जात जिऑलॉजी किंवा लॅटिन लिही, गर्दी कमी असते, आत गेल्यावर बदल. मी लॅटिन कधी शिकलो नाही. माझ्या सगळ्या ॲक्टिव्हिटीज कोडिंगच्या आहेत. काय करू?

उत्तर: तुझं मराठी छान आहे रे. एका ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ चुकलं होतं, ते संपादकांनी सुधारलं.

लॅटिनचा एकही तास न घेतलेला, रोबोटिक्स क्लबचा अध्यक्ष, यूएसएको या प्रोग्रॅमिंग स्पर्धेच्या गोल्ड डिव्हिजनमधला मुलगा लॅटिन लिहितो तेव्हा वाचक हसतो. मी हसायचे. मग पुढची फाईल उघडायचे. एमआयटीत पहिल्या वर्षी कोणालाच मेजर नसतं, हार्वर्डमध्ये दुसऱ्या वर्षी ठरवतात. तिथे ही युक्ती करून मिळवायचं काहीच नाही. जिथे मेजरप्रमाणे प्रवेश देतात तिथे आत जाऊन सीएसमध्ये उडी मारणं हेच सगळ्यात कठीण असतं, म्हणजे चार वर्षं खडक बघत बसशील. खडक आवडत असतील तर गोष्ट वेगळी.

तुला गणित किंवा भाषाशास्त्र मनापासून आवडत असेल आणि त्याच्या जोडीने सीएस करायचं असेल, तर तसं लिही. इलिनॉयमध्ये ‘सीएस प्लस’ नावाने असे जोड अभ्यासक्रम आहेतच, भाषाशास्त्रासकट. पण आवड दाखवायला ट्रान्सक्रिप्टवर काहीतरी हवं. यंदा तुझ्या शाळेत स्टॅटिस्टिक्स आणि मल्टिव्हेरिएबल कॅल्क्युलस दोन्ही आहेत, तू एकही घेतलेलं नाहीस असं तुझ्या पत्रावरून दिसतं. शेड्यूल बदलायची मुदत बहुतेक शाळांत पहिल्या दोन आठवड्यांची असते. उद्या सकाळी पहिल्या तासाच्या आधी काउन्सेलरकडे जा. आणि बाबांना सांग की मला लिहिलं होतंस.